श्रावणातली आमची तीन गावं

संमेलनासाठी येणाऱ्या पाहुण्यांना उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही आमची तीन गावं बहुधा लोकलच्या फलकावरून माहीत असतात. गाडी कल्याण सोडून कर्जतच्या बाजूला वळली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्थानकं ओळीने लागतात. मुंबईहून अंबरनाथ सुमारे ६० किलोमीटर, बदलापूर ६८. शहराची ओळख करून द्यायची म्हणजे लोकसंख्या, कारखाने, देऊळ, धरण असं सांगायची रीत आहे. तेही येईल. पण आपण येताय श्रावणाच्या शेवटच्या आठवड्यात, आणि या दिवसांत आमच्याकडे दारात उभं राहून होणाऱ्या गप्पांचे विषय दोनच: कुणाच्या कुंडीत काय फुललं आणि कुणाच्या घरी बाळ आलं. म्हणून ओळख तिथूनच करून देते.

या तिन्ही गावांतले बहुतेक लोक दुसरीकडून येऊन इथे रुजलेले आहेत. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख माणसांना त्या छावणीच्या बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी, ऐन पावसाळ्यात, गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी इथल्या नव्या शहराची पायाभरणी केली आणि जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून त्याचं नाव उल्हासनगर ठेवलं. अंबरनाथला माणसं आली ती काडेपेटीच्या विमको कारखान्यात, शस्त्रास्त्र कारखान्यात आणि पुढे औद्योगिक वसाहतीत नोकरीला. बदलापूरला आली ती दादर-परळच्या, डोंबिवलीच्या खोल्या पुरेनाशा झाल्यावर, स्वतःच्या दोन खोल्यांच्या आणि एका गॅलरीच्या आशेने. २०११च्या जनगणनेत उल्हासनगरची वस्ती पाच लाखांवर, अंबरनाथची अडीच लाखांवर आणि बदलापूरची पावणेदोन लाखांच्या आसपास होती. त्यानंतर बदलापूर किती वाढलं ते सकाळच्या साडेसातच्या लोकलला उभं राहिल्यावर कळतं. या सगळ्यांच्या आधीपासून इथे आगरी, कुणबी, ठाकूर, कातकरी होते आणि आहेत. आमच्या बागकामाचे पहिले गुरू तेच.

बदलापूरचं जांभूळ आपण ऐकलं असेल. त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. मेअखेरीस टोपलीत पळसाची पानं अंथरून, वर टपोरी जांभळं रचून बाया स्टेशनबाहेर बसतात. पहिला मोठा पाऊस झाला की जांभळाचा हंगाम आटोपतो आणि त्याच बायांच्या टोपल्यांत शेवळं आणि त्यांच्या जोडीची काकडं येतात. मग टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी. आपण याल तेव्हा हे सगळं मागे पडलेलं असेल आणि टोपलीत आघाडा, दूर्वा, तेरडा असेल. जांभळाची जुनी झाडं मात्र इमारतींच्या रेट्यात कमी होत चालली आहेत. ज्या गावाची ओळख एका झाडावर उभी आहे त्या गावात ते झाड तोडताना दहादा विचार व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आता आमच्या गॅलऱ्यांकडे वळते. साडेतीन फूट रुंदीची गॅलरी, तीत कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, वॉशिंग मशीन आणि उरलेल्या जागेत बाग. मे महिन्यात कंदांतून चेंडूसारखा लाल मे फ्लॉवर उगवतो. मृगाबरोबर अनंत फुलतो. पावसाळी लिली एका रात्रीत कुंडी गुलाबी करून टाकते. गोकर्णाच्या शेंगा वाळल्या की बिया कागदाच्या पुडीत बांधून चार घरी जातात. कंद वाढून कुंडी फुटायला आली की तेही वाटले जातात. हळदीची पानं नागपंचमीला आणि पुन्हा गौरीच्या दिवसांत पातोळ्यांसाठी मागून नेली जातात, आणि पान नेणारी पातोळ्या घेऊनच परत येते.

पण श्रावणातला खरा सोहळा ब्रह्मकमळाचा. पानाच्या कडेला कळी लोंबू लागली की घरातलं माणूस रोज तिची मान बघतं. कळी वर वळली, फुगली की त्या रात्री फूल उमलणार हे ठरलं. दुपारीच जिन्यात निरोप फिरतो. रात्री नऊच्या सुमारास पाकळ्या सुटायला लागतात, मध्यरात्रीपर्यंत ताटलीएवढं पांढरंशुभ्र फूल पूर्ण उघडतं, आणि पहाटे मान टाकतं. एवढ्या वेळात मजल्यामजल्यावरची माणसं येऊन जातात. कुणी हळदकुंकू वाहतं, कुणी निरांजन लावतं, पोरं मोबाइलवर फोटो काढतात, घरची बाई सगळ्यांना मसाला दूध देते. वनस्पतीचे जाणकार सांगतील की हे निवडुंगाच्या कुळातलं झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं, आणि हिमालयात उंचावर फुलणारं खरं ब्रह्मकमळ वेगळंच. ते बरोबर आहे. तरीही आमच्या इमारतीत ज्यांची एरवी लिफ्टमध्ये मान हलवण्यापलीकडे ओळख नव्हती, त्यांनी एकमेकांच्या घरात पहिलं पाऊल टाकलं ते या फुलासाठी. निघताना प्रत्येकीला एक पान मिळतं. पान दोन दिवस सावलीत सुकवून मातीत खोचलं की रुजतं. फूल यायला दोन-तीन वर्षं लागतात. त्या मुदतीत घरात बरंच काही घडतं. कितीतरी घरांत त्या पानाला पहिली कळी आली तेव्हा ती बघायला कडेवर एक नवं माणूस होतं.

श्रावण हा लेकरांचाही महिना. शुक्रवारी जिवतीची पूजा होते. भिंतीवर जिवतीचा छापील कागद, त्याला आघाडा-दूर्वांची माळ, पुरणाचे दिवे आणि त्या दिव्यांनी मुलांचं औक्षण. आघाडा बाजारात मिळतो, पण बदलापुरात अजून मोकळे प्लॉट आहेत, रेल्वेमार्गाच्या कडेला गवत आहे. सकाळी फिरायला जाणारे आजोबा येताना मूठभर आघाडा आणतात आणि चार दारांच्या कड्यांना अडकवून ठेवतात. ज्या घरात त्या वर्षी बाळ आलं असेल तिथे आधी. बाहेरगावी असलेल्या मुलांसाठी आया चारी दिशांना अक्षता टाकतात. आता व्हिडिओ कॉल लावून न्यू जर्सीतल्या नातवाला ओवाळणाऱ्याही आहेत, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. श्रावणी अमावास्येला पिठोरी. आई डोक्यावर खीरपुरीचं वाण धरते आणि मागे न बघता विचारते, अतिथी कोण? पोर ओरडून ‘मी’ म्हणतं. जे बोलायला लागलेलं नाही त्याच्या वतीने त्याची ताई म्हणते.

नेमक्या याच दिवसांत उल्हासनगरात काय चाललेलं असतं हे पाहुण्यांनी पाहावं अशी माझी इच्छा आहे. जेमतेम १३ चौरस किलोमीटरचं हे शहर. जीन्सचे कारखाने, फर्निचरचा बाजार, कॅम्प एक ते पाच यांची दाटी. जमिनीवर बागेला जागा नाही म्हणून ती गच्चीवर गेली आहे. रंगाचे रिकामे डबे, अर्धे कापलेले ड्रम, त्यांत तुळस, मोगरा, जास्वंद, कढीपत्ता. जुलैच्या मध्यापासून चाळीस दिवस सिंधी घरांत चालिहोचं व्रत असतं. कथा अशी: ठठ्ठ्याच्या मिर्खशहाच्या जुलमाला कंटाळून लोकांनी सिंधूच्या काठी चाळीस दिवस प्रार्थना केली, आणि नसरपुरात रतनरायाच्या घरी बाळ जन्माला आलं. त्याचा पाळणा आपोआप झुलत होता. तेच झुलेलाल. घरदार सोडून आलेल्या माणसांनी इथल्या बराकींमध्ये जो देव आणला तो पाळण्यातला होता, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

श्रावणातच सिंधी घरांत थदडी येते. आदल्या दिवशी गोड लोलो, कोकी करून ठेवायची, दुसऱ्या दिवशी चूल पेटवायची नाही, शीतलादेवीला पोराबाळांसाठी गार नैवेद्य दाखवायचा. आमच्याकडच्या शीतला सप्तमीची ही सख्खी बहीण. अंबरनाथ-उल्हासनगरच्या हद्दीवरच्या सोसायट्यांमध्ये आमच्या घरून जिवतीच्या पुरणपोळ्या जातात आणि काही दिवसांनी त्याच डब्यातून लोलो येतात. रिकामा डबा परत करायचा नाही, हे दोन्ही भाषांत ठरलेलं. त्यांच्याकडे बाळाची छठी सहाव्या दिवशी. आमच्याकडेही पाचवी-सहावीला सटवाईची पूजा, पाटावर कोरा कागद आणि लेखणी. बाळ झाल्याचं कळलं की त्यांच्या तोंडून ‘लख लख वाधायूं’ येतं आणि आमच्या ओठांवरही आता ते सहज बसलं आहे.

बाळ येण्याआधीची फुलं वेगळी. डोहाळजेवणाला फुलांची वाडी लागते: मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळं फुलांचं. पूर्वी वाडी घरीच गुंफत. आता तयार मिळते, पण आमच्या काही बायका अजून तगरीच्या कळ्या रात्री ओल्या फडक्यात ठेवून पहाटे वाडी करायला बसतात. ती वाडी दरवेळी घरीच घातली जाते असंही नाही. लोकलच्या महिला डब्यात रोजच्या मैत्रिणींचं डोहाळजेवण होतं, खिडकीच्या गजांना माळा लागतात, ओटी भरली जाते, आणि ठाण्याच्या आत सगळं उरकतं. नोकरी करणाऱ्या बाईचा दिवसातला तीन-चार तासांचा काळ त्या डब्यात जातो. माहेर दूर कोकणात किंवा घाटावर असतं. डब्यातल्या मैत्रिणींनी ते काही काळ स्वतःकडे घेतलं, याबद्दल मला त्यांचा अभिमान आहे.

बारशाला घुगऱ्या, पेढे, बर्फी. मुलगी झाली की बर्फी आणि मुलगा झाला की पेढे, हा फरक आमच्या ओळखीतल्या बऱ्याच घरांनी सोडून दिला, ते फार चांगलं झालं. पावसाळ्यातलं बाळ म्हणजे दुपट्यांचा प्रश्न. गॅलरीतल्या दोऱ्या दुपट्यांनी भरल्या की कुंड्या आपोआप शेजारी जातात आणि बाळ रांगायला लागल्यावर परत येतात. आई-वडील सकाळच्या लोकलने गेले की बाळ आजीकडे, आणि आजी झाडांकडे. त्यामुळे इथल्या पुष्कळ मुलांचं पहिलं जग म्हणजे गॅलरीतली तुळस, तिच्यावर बसणारा सूर्यपक्षी आणि समोर पावसात धुऊन निघालेला चंदेरीचा सुळका. मुलीच्या जन्मानंतर झाडं लावण्यासाठी शेतकरी कुटुंबांना रोपं देणारी राज्याची कन्या वन समृद्धी योजना २०१८ मध्ये सुरू झाली. तिच्यात दहा रोपं असतात: पाच सागाची, दोन आंब्याची आणि फणस, जांभूळ, चिंच यांचं एकेक. शेत नसलेल्या आम्हा फ्लॅटवाल्यांनी त्यातलं जांभूळ घ्यायला हरकत नाही. सोसायटीच्या कुंपणापाशी जागा निघते, आणि बदलापूरच्या मातीला ते झाड शिकवावं लागत नाही.

भाद्रपदात गौरी येतात. आमच्या भागात अजून अनेक घरांत तेरड्याची गौर असते, मुळासकट उपटून आणलेली, पानाफुलांची. ठाकूर-कातकरी बाया डोंगराकडून तेरडा आणतात, सोबत कळलावीची पिवळी-लाल फुलं. कळलावी दिसते सुरेख, जुन्या सुइणी तिचा कंद वापरत, पण तो अतिशय विषारी असतो. लहान मूल असलेल्या घरात कुंडीत ती लावू नये, आणि पूजेनंतर फुलं बाळाच्या हाताला लागतील अशी ठेवू नयेत. या बायांशी भावाची घासाघीस करू नका, ही माझी विनंती. पहाटे भिजत डोंगर उतरून त्या येतात, त्यांची लेकरंही पाठीला बांधलेली असतात.

अंबरनाथच्या शिवमंदिरात जायला विसरू नका. वालधुनी नदीच्या काठचं हे देऊळ शिलाहार राजा छित्तराजाच्या काळात सुरू झालं आणि मुम्मुणीच्या काळात पूर्ण झालं. शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०. गाभारा सभामंडपापेक्षा खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं, त्या ओल्या असतात. कडेवर मूल असेल तर जपून. श्रावणी सोमवारी गर्दी फार, तेव्हा मंगळवारी किंवा बुधवारी जा. बेल आणि धोतरा बाहेर मिळतो. बाहेरच्या भिंतींवरच्या शिल्पांसाठी वेळ काढा, पाऊस थांबून ऊन पडलं की ती फार उठून दिसतात. बदलापूरचं कोंडेश्वर सुंदर आहे, पण पावसाळ्यात तिथल्या पाण्यात उतरू नका. उल्हास नदी २७ जुलै २०१९ रोजी अशी चढली होती की बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस हजाराहून अधिक प्रवाशांसह पाण्यात अडकली, आणि सगळ्यांना सुखरूप बाहेर काढलं गेलं. त्या प्रवाशांमध्ये गरोदर बायकाही होत्या.

संमेलनाच्या सभागृहात, नोंदणीच्या जागेच्या डाव्या हाताला, रोपांचं एक मोठं टेबल असेल. तिन्ही गावांतल्या सभासदांनी ब्रह्मकमळाची पानं, लिलीचे कंद, गोकर्णाच्या बिया आणि गवती चहाचे ठोंब तयार ठेवले आहेत. हवं ते न्या, पैसे नाहीत. आपल्या बागेतलं काही आणणार असाल तर कुंडी नको, फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणा आणि झाडाचं नाव, गाव आणि ऊन किती लागतं हे चिठ्ठीवर लिहा. पहिल्या मजल्यावरची मागची खोली लहान बाळांच्या आयांसाठी राखली आहे. तिथे पाळणा, गरम पाणी आणि दुपटी वाळवायला दोरी आहे. आमच्या दोन आज्या दिवसभर तिथे असतील. बाळ त्यांच्याकडे सोपवून आपण निर्धास्तपणे व्याख्यानाला बसा.