सांगितलं एक, दिलं दुसरं: कार्डाने भरलेले पैसे बँकेकडून परत कसे मागायचे



मासळीच्या पेजवर गाण्याच्या कार्यक्रमाच्या तिकिटांचा विषय कशाला, असं काही जण म्हणतील. पण आमच्या एका ट्रॉलर मालक सभासदाचे यात 54,000 रुपये अडकले होते. जाळ्यांच्या कामासाठी राखून ठेवलेल्या कार्डाची मर्यादा त्यात गेली. जीपीएस, फिश फायंडर, इंजिनाचे पार्ट आता आपणही ऑनलाइन मागवतो, आणि नियम तोच लागू होतो. म्हणून सविस्तर लिहितो. सभासदाच्या परवानगीने, नाव न देता.

2025 च्या जानेवारीत नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 18, 19 आणि 21 तारखेला कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले. अधिकृत तिकिटं 22 सप्टेंबर 2024 ला बुकमायशोवर निघाली आणि बघता बघता संपली. मग तीच तिकिटं दुसऱ्या साइटवर कैक पट भावाने दिसू लागली. बुकमायशोने पोलिसांत तक्रार केली, ऑक्टोबरमध्ये ईडीचे छापे पडले. तरी पोरांचा जीव त्यातच. सभासदाच्या कॉलेजातल्या मुलीने नोव्हेंबरमध्ये बाबांचं क्रेडिट कार्ड घेऊन एका पुनर्विक्री साइटवरून 19 तारखेची तीन तिकिटं घेतली. साइटवर लिहिलं होतं: लेव्हल 1, बसायची जागा, तिन्ही शेजारी. एकाचे 16,500, वर साइटची फी 4,500.

कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी तिकिटं हाती आली ती लेव्हल 3 ची. दोन एकत्र, तिसरं भलतीकडे. पाटीत वर इसवण आणि खाली तारले, असा प्रकार. चॅटवर विचारलं तर उत्तर आलं, "समकक्ष श्रेणी दिली आहे, विक्री अंतिम आहे." रेल्वेची तिकिटं काढून झाली होती, मैत्रिणी तयार होत्या, त्यामुळे त्या गेल्या आणि कार्यक्रम पाहून आल्या. पुढे हीच गोष्ट आम्हाला जड गेली.

पहिली चूक आमचीच. 21 जानेवारीला सभासद ऑफिसात आले, रागात होते, आणि आम्ही त्यांच्या रागातलीच भाषा अर्जात उतरवली: "माझी फसवणूक झाली, कार्डावरून 54,000 गेले." बँकेने तो अर्ज फ्रॉडच्या खात्यात टाकला. फ्रॉड म्हणजे बँकेच्या भाषेत कार्डधारकाने न केलेला व्यवहार. इथे ओटीपी घरातूनच दिलेला. पंधरा दिवसांत उत्तर आलं, व्यवहार तुमच्या संमतीने झाला आहे, अर्ज बंद. रिझर्व्ह बँकेचा 2017 चा जो नियम आपण ऐकून असतो, तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, तो असल्या परक्याने केलेल्या व्यवहारासाठी आहे. आपण स्वतः पैसे भरले आणि माल वेगळा निघाला, त्याला तो लागत नाही.

आपल्याला मागायचा असतो तो डिस्प्यूट, म्हणजे चार्जबॅक. कारण नीट सांगावं लागतं: "सेवा मिळालीच नाही" की "सांगितल्याप्रमाणे मिळाली नाही". दोन्हींना पुरावा वेगळा लागतो. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत यासाठी साधारण 120 दिवसांची मुदत असते, आणि कार्यक्रम पुढच्या तारखेचा असेल तर ती सहसा त्या तारखेपासून मोजतात. तरी बँकेने स्वतःची मुदत कमी सांगितली तर वाद घालत बसू नका, लगेच अर्ज द्या.

दुसरा अर्ज 10 फेब्रुवारीला दिला. त्यातला मजकूर असा होता, कोणाला लागला तर उतरवून घ्या:

"हा व्यवहार मी केला आहे, तो फ्रॉड नाही. विक्रेत्याने लेव्हल 1 ची शेजारी-शेजारी तीन आसनं देतो असं लिहिलं होतं. प्रत्यक्षात लेव्हल 3 ची, वेगवेगळ्या जागची तिकिटं दिली. मी 16 जानेवारीला विक्रेत्याकडे लेखी तक्रार केली, त्यांनी नकार दिला. फरकाची रक्कम 25,500 रुपये परत मिळावी."

25,500 कुठून आले? कार्यक्रम पाहिलेला असताना सगळे पैसे मागितले असते तर विक्रेत्याने तेच बोट धरलं असतं. मुलीच्या फोनमध्ये खरेदीच्या दिवशीचा स्क्रीनशॉट होता, त्यात त्याच साइटवर लेव्हल 3 चा भाव 8,000 दिसत होता. म्हणजे एका तिकिटामागे फरक 8,500. फी सोडून दिली. सभासदाला ते पटलं नव्हतं, आजही पटलेलं नाही. तो स्क्रीनशॉट नसता तर आकडा कशावर उभा करणार होतो, हे आम्हालाही सांगता येत नाही. अर्जाला ऑर्डरचा ईमेल, तिकिटांचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि चॅटची पूर्ण प्रत जोडली. चॅट अर्धवट कापून पाठवू नका.

बँकेने रक्कम तात्पुरती जमा केली. लोकांना वाटतं काम झालं. तसं नसतं. मार्चमध्ये विक्रेत्याने अटींची पानं पाठवून विरोध केला, आणि बँकेने सात दिवसांत खुलासा मागवला. ईमेल आला सभासदाच्या नावावर, आणि सभासद आठ दिवसांच्या फेरीवर समुद्रात! फोनला रेंज नाही. उत्तर गेलं नसतं तर जमा झालेली रक्कम पुन्हा वजा झाली असती. वहिनींना आठवण झाली म्हणून त्यांनी मुलीकडून मेल उघडवला, सहाव्या दिवशी आम्ही उत्तर पाठवलं: विक्री अंतिम असली तरी जे विकलं ते द्यायला हवं, "समकक्ष" हा शब्द खरेदीच्या पानावर कुठेही नव्हता. एप्रिलच्या अखेरीस 25,500 कायम झाले.

बँकेने नकार दिला किंवा 30 दिवसांत उत्तरच दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकटात तक्रार करता येते, चौकशीसाठी 14448. विक्रेत्याविरुद्ध ग्राहक हेल्पलाइन 1915. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो तिथेच अर्ज करता येतो, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. ऑनलाइन विकणाऱ्याने तक्रारीची पोच 48 तासांत आणि निकाल महिन्याभरात द्यायचा, असं 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत आहे. हे वाक्य चॅटवर लिहिलं की कधीकधी सूर बदलतो.

यूपीआयने एखाद्या माणसाच्या नंबरवर पैसे पाठवले असतील तर वरचा चार्जबॅकचा रस्ता नाही. तिकीट खोटं निघालं तर त्याच क्षणी 1930 ला फोन करा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

वाद चालू असताना कार्डाचं बाकीचं बिल वेळेवर भरत राहा, आणि वादातल्या रकमेवर व्याज लागणार का हे बँकेला लेखी विचारा. बोटीवर जाणाऱ्यांनी बँकेचा ईमेल बघायला घरातलं एक माणूस नेमून ठेवावं. कागद घेऊन यायचं असेल त्यांनी सकाळी 10 ते 1 ऑफिसात यावं. स्क्रीनशॉट फोनमधून पुसू नका, प्रिंट आम्ही काढून देतो.