पुलाचे नाव आणि शिपायांची गावे

पुलाला नाव कोणाचे द्यावे, हा प्रश्न वरवर पाहता बांधकाम खात्याचा किंवा नगरपालिकेच्या ठरावाचा वाटतो. परंतु ज्या महाड-पोलादपूर भागातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे पलटणीत गेली, तेथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला तो टाळता येत नाही. एखादा पूल स्थानिक सैनिकांच्या नावाने ओळखला जावा, असे माझे मत आहे. तो कसा ओळखला जावा, एवढाच येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम मुंबईतील दोन उदाहरणे पाहू. मस्जिद बंदर स्थानकाजवळचा 1868 सालचा कर्नाक पूल 2022 मध्ये पाडला गेला आणि त्या जागचा नवा पूल 10 जुलै 2025 रोजी ‘सिंदूर पूल’ म्हणून खुला झाला. कर्नाक गव्हर्नर असताना 1839 साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करण्यात आले. तेव्हा ते नाव गेल्याचे दुःख कोणी करू नये. पण नवे नाव मोहिमेचे आहे, माणसाचे नव्हे. उलट, विलेपार्ल्यातील पूल कॅप्टन विनायक गोरे यांच्या नावाचा आहे. 1995 साली ते काश्मीरमध्ये धारातीर्थी पडले. तेथून जाणाऱ्या मुलाने ‘हे कोण?’ असे विचारले, तर घरच्यांना एका माणसाची हकीगत सांगावी लागते.

आपल्याकडे मात्र एकच नाव निवडणे अवघड आहे. महाड तालुक्यातील आंबवडे गावाच्या नावालाच ‘फौजी’ हा शब्द जडला आहे. शेजारच्या माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत पडले. तुकडीतील सोबती मेले किंवा जखमी झाले असता त्यांनी एकट्याने मशीनगनच्या मोर्च्यावर चाल केली, आणि काडतुसे भरण्यास वेळ नाही असे पाहून बंदुकीच्या दस्त्याने शत्रूशी झुंज दिली. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. 2023 साली इटलीतील मोंतोने या लहानशा गावी त्यांच्या नावाचे सूर्यघड्याळ उभारण्यात आले. परक्या मुलुखातील एका गावाने आपल्या शिपायाचे नाव लावले, ही गोष्ट आपणांस विचार करावयास लावणारी नाही काय?

याच भागाची दुसरी बाजूही विसरता येत नाही. महाडजवळील रावढळचे गोपाळबाबा वलंगकर फौजेतून निवृत्त झालेले. 1892 साली महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा त्याविरुद्ध त्यांनी 1894 मध्ये विनंतीपत्र तयार केले. पहिल्या महायुद्धात गरज पडली म्हणून 1917 साली महारांची पलटण उभी केली आणि 1921 मध्ये ती मोडलीही. महार रेजिमेंट स्थापन झाली ती 1941 साली. भरतीच्या वहीतून ज्यांना एकदा वगळले गेले, त्यांची नावे पुलावरच्या पाटीतूनही गळू नयेत. म्हणून नुसते ‘वीर जवान पूल’ हे नाव मला अपुरे वाटते. त्यात सारे येतात, पण कोण कोण ते कळत नाही.

सावित्रीवरील महाडचा पूल यासाठी सुचवला जाणे साहजिक आहे. माझा त्याला विरोध आहे. 1928 सालचा दगडी पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात कोसळला, दोन एस. टी. गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. नवा पूल जून 2017 मध्ये, 165 दिवसांत बांधून खुला झाला. त्या जागेवर पहिला हक्क त्या प्रवाशांच्या स्मृतीचा आहे. सैनिकांसाठी महाड-रायगड रस्त्यावरचा, नात्याच्या बाजूचा एखादा पूल घ्यावा. नाते ही चिंतामणराव देशमुखांची जन्मभूमी. गडावर जाणारी माणसे याच वाटेने जातात.

पाटीवर गावाचे नाव, त्याखाली त्या गावच्या माणसांची नावे व पलटण असावी. हुद्द्याप्रमाणे नव्हे, तर गावाप्रमाणे. हयात निवृत्तांचीही नावे असावीत, कारण सन्मानासाठी मरणाची अट घालणे मला पटत नाही. ही नावे गावोगाव जाऊन, पेन्शनीची कागदपत्रे पाहून जमवावी लागतील. हे काम आपल्या इतिहास मंडळास सुट्टीत करता येईल. दगड मात्र काळा घ्यावा, आणि जुलै 2021 च्या पुराची पातळी विचारून त्याच्या वर बसवावा.