पतितदेहाचा स्वीकार आणि देहाबाहेरचा अनुभव

जीव देह सोडून बाहेर जातो, दूरचे पाहतो आणि पुन्हा त्याच देहात परततो, हे खरे आहे काय, असा प्रश्न वासनिक मंडळी साधुसंतांस अनेकदा विचारतात. अतिदक्षता विभागातून वाचून घरी आलेला रुग्ण सांगतो की, आपलाच देह खाटेवर पडलेला आपण वरून पाहिला. घरच्यांपैकी कोणी भितो, कोणी त्याच्या पाया पडतो. अशा वेळी एखादा लगेच जोड देतो की, स्वामींनीही द्वारावतीचा देह सोडून भडोचेस दुसऱ्या देहाचा स्वीकार केला, मग हे तरी अशक्य का म्हणावे? ही जोड सदोष आहे, आणि ती तशीच राहू दिली तर लीळेचा अर्थ बिघडतो व रुग्णाचेही हित होत नाही.

प्रथम लीळेचा विचार करू. द्वारावतीस श्रीचांगदेव राऊळ असता कामाख्या नावाची योगिनी आली. तिचा हट्ट पाहून त्यांनी तो देह त्यागिला. त्याच सुमारास भडोचेस प्रधान विशाळदेवाचा पुत्र हरिपाळदेव निवर्तला होता. त्याचा देह स्मशानी नेला असता परमेश्वराने तो स्वीकारला आणि तो देह उठला. पुढे रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून स्वामी निघाले, ऋद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंची भेट झाली, आणि नंतर पैठण, वेरूळ या गोदातटाच्या परिसरात त्यांचे वास्तव्य घडले. आज संभाजीनगराहून वेरुळास जाणारा भाविक जी स्थाने नमस्कारितो, ती याच देहाच्या चरणांनी पावन झालेली आहेत.

आता योगकथा पाहाव्या. पातंजल योगसूत्रांत विभूतिपादामध्ये चित्ताचा परशरीरात आवेश सांगितला आहे. शंकराचार्यांनी अमरुक राजाच्या देहात, मच्छिंद्रनाथांनी त्रिविक्रम राजाच्या देहात प्रवेश केल्याच्या कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहेत. या सर्व कथांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे मूळ देहाची राखण. शिष्य तो देह गुहेत जपतात, त्याला अपाय होईल म्हणून चिंता करतात, आणि योग्याला वेळेवर परतावे लागते. द्वारावतीच्या देहाला कोणी राखणदार नव्हता. तेथे परतणे नव्हतेच. परमार्गात अवतारस्वीकाराचे गर्भ, पतित आणि दवडणे असे जे तीन प्रकार मानले आहेत, त्यांतील हा पतिताचा होय. तो परमेश्वराचा व्यापार आहे. कोण्या जीवाने साधलेली विद्या नव्हे. जीव बद्धमुक्त, देवता नित्यबद्ध आणि परमेश्वर नित्यमुक्त, हा भेद ज्याच्या ध्यानी आहे त्याने बद्ध जीवाच्या एका रात्रीच्या अनुभवासाठी या लीळेचा दाखला देऊ नये.

मग त्या अनुभवाचे काय? तो खोटा म्हणून सांगणाऱ्यास लटका ठरविणे हा अन्याय आहे. त्याला जे दिसले ते दिसले. परंतु दिसणे आणि जाणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. स्वप्नात पैठणच्या घाटावर उभा राहिलेला मनुष्य पैठणास गेलेला नसतो.

या भेदाची कसोटी पाहण्याजोगे एक उदाहरण मराठी माणसाच्या चरित्रातच आहे. दामोदर मावळंकर हा अहमदाबादेस स्थायिक झालेल्या महाराष्ट्रीय ब्राह्मण घराण्यातील तरुण. १८७९ साली मॅडम ब्लॅव्हॅट्स्की व कर्नल ऑल्कट मुंबईस आले, आणि त्याच वर्षी तो थिऑसॉफिकल सोसायटीत दाखल झाला. सूक्ष्म देहाने आपण दूर जातो, असे तो सांगे. नोव्हेंबर १८८३ मध्ये मुरादाबाद येथे असता आपण मद्रासजवळच्या अड्यारला जाऊन आलो आणि ब्लॅव्हॅट्स्की बाईंच्या गुडघ्यास मार लागला आहे, असे त्याने सांगितले. तार करता ते खरे ठरले. उपस्थितांनी तसे लिहूनही दिले. पुढे लंडनच्या मानसिक संशोधन संस्थेतर्फे रिचर्ड हॉजसन चौकशीस आला आणि १८८५ साली त्याचा अहवाल निघाला. त्याचे म्हणणे इतकेच की, दोघांनी आधी ठरवून ठेवले असते तरीही हेच घडले असते. १९८६ साली त्याच संस्थेच्या व्हर्नन हॅरिसन यांनी हॉजसनच्या पद्धतीवर कडक टीका केली, हेही नमूद केले पाहिजे. तरीपण टीकेने अहवाल दुबळा झाला म्हणून मूळ दावा सिद्ध होत नाही. सांगणारा आणि ज्याविषयी सांगितले तो, हे दोघे एकाच गोटातले असतील तर तारेचा पुरावा अपुराच राहतो. दामोदर १८८५ मध्येच तिबेटच्या वाटेने गेला, तो परतला नाही.

अलीकडे वैद्यकाने या प्रश्नात हात घातला आहे. २००२ साली जिनिव्हा येथे ओलाफ ब्लांके यांच्या चमूने एका अपस्मारी स्त्रीच्या मेंदूच्या उजव्या बाजूच्या एका भागास सूक्ष्म विद्युत्प्रवाह दिला. तेव्हा, आपण वर तरंगत आहोत आणि खाली बिछान्यावर आपलेच पाय व कमरेखालचा भाग दिसतो, असे ती म्हणाली. देहाचे भान एकत्र बांधणारी मेंदूतील जुळणी विस्कटली की जीवास आपण देहाबाहेर असल्याचा प्रत्यय येतो, असा त्यावरून तर्क निघतो. दुसरा प्रयत्न डॉ. सॅम पार्निया यांचा. काही रुग्णालयांत छताजवळ फळ्या लावून, केवळ वरूनच दिसतील अशी चित्रे त्यांवर ठेवली. हृदय बंद पडलेल्या २०६० प्रसंगांची पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. सविस्तर पाहिल्याऐकल्याचे सांगणारे रुग्ण दोनच निघाले, आणि त्या दोघांचेही प्रसंग फळ्या नसलेल्या जागी घडले होते. एकाचे सांगणे पडताळता आले, ते बऱ्याच अंशी जुळले. चित्राची परीक्षा मात्र राहूनच गेली. तेव्हा बाहेर जाणे सिद्ध झाले असे म्हणता येत नाही. विज्ञानाने प्रश्न कायमचा मिटविला असे म्हणणेही घाईचे होईल.

परमार्गाच्या साधकास याहून निकटची बाब वेगळी आहे. अटन-विजन करणारा, अल्प भिक्षेवर राहणारा, अपुरी झोप घेणारा भिक्षुक पहाटे जागा होतो, पण अंग हलत नाही. छातीवर भार वाटतो, देहापासून वेगळे झाल्याचा भास होतो. स्वप्नावस्थेत स्नायू सैल पडलेले असतात आणि कधी जाग आधी येते, सैलपणा नंतर जातो. एवढेच त्याचे कारण. हे न जाणणारा एकतर भुताटकी समजून विजन सोडतो, नाहीतर आपणास काही प्राप्त झाले असे मानून आचरणात ढिला पडतो. दुसरा अपाय अधिक वाईट. सिद्धी आणि विद्या ही देवतांची देणी आहेत, आणि ज्या स्वतः नित्यबद्ध त्या जीवाला सोडवू शकत नाहीत. जीव खरोखरच छतापर्यंत जाऊन आला असे क्षणभर मानले, तरी त्याची अविद्या किंचितही झडलेली नाही. हे जाणणाऱ्याला, सूक्ष्म देहाने फिरविण्याचे शिकवू म्हणून द्रव्य मागणाऱ्या बाबाकडे जाण्याचे प्रयोजनच उरत नाही.

अशा अनुभवाची हकीकत कोणी सांगू लागल्यास काय करावे, याचा वस्तुपाठ म्हाइंभटांनी घालून दिला आहे. लीळा जमविताना ज्याच्यासमोर ती घडली त्याला गाठून त्यांनी विचारले; ऐकीवावर भिस्त ठेवली नाही. पुढे पाठ नष्ट झाल्यावर ज्यांनी लीळा पुन्हा जुळविल्या, त्यांनी जेथे सांगणे निराळे पडले तेथे ते निराळेपण कोणाच्या नावाचे आहे तेही टिपले. त्याच रीतीने रुग्णाचे शब्द त्याच दिवशी, इतरांशी चर्चा होण्यापूर्वी, तिथी घालून लिहून घ्यावेत. खोलीत दुसरे कोण होते, रुग्णाला आधी काय ठाऊक होते, तेही लिहावे. भिक्षुकाने मात्र आपला अनुभव चारचौघांत न सांगता ज्येष्ठ ज्ञानियांच्या कानी घालावा, आणि त्या दिवशी पोटभर जेवून वेळेवर निजावे.