राऊटर घ्यावा की स्विच?

व्यापारी बंधूंनो, जीएसटी, ई-वे बिल, बँक, सारे काही आता इंटरनेटवर आले आहे. घरी वा पेढीवर लाइन एक आणि वापरणारे चार, अशी बहुतेकांची स्थिती आहे. ती वाटून घ्यायला राऊटर घ्यावा की स्विच, हा प्रश्न आम्हालाही पडला होता. न समजता खरेदी केली, तिचे काय झाले ते आधी सांगतो.

आमची पेढी घराच्या तळमजल्यावर आहे. इंटरनेटवाल्याच्या डब्याला एकच सॉकेट होते. दुसरा कॉम्प्युटर जोडण्यासाठी आम्ही, राऊटरपेक्षा स्वस्त म्हणून, पाच सॉकेटचा स्विच आणला. तारा जोडल्या, दिवे लुकलुकले, पण इंटरनेट मुलाच्या लॅपटॉपवर तेवढे चाले, पेढीवर नाही. त्याच दिवशी सुरतेला माल जायचा होता. ५० हजारांवरचा माल परराज्यात न्यायला ई-वे बिल लागते. बिल निघेना, गाडी दारात उभी. शेवटी भाचा आला आणि हसून म्हणाला, "मामू, तुम्ही हमाल आणला, मुनीम आणलाच नाही!"

त्याचे म्हणणे असे. घरगुती जोडणीला सहसा बाहेरचा एकच पत्ता मिळतो. राऊटर तो स्वतःकडे ठेवतो आणि आतल्या प्रत्येक यंत्राला घरातला वेगळा पत्ता देतो. हा बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. कोणी काय मागविले याची नोंद ठेवून आलेला माल तो ज्याचा त्याला पोचवितो. न मागविता आलेले दारातच अडवितो. हे मुनिमाचे काम. साधा स्विच आतल्या आत या सॉकेटवरून त्या सॉकेटवर माल उचलून देतो. पत्ते वाटणे त्याचे काम नव्हे.

म्हणून खरेदीपूर्वी एवढे पाहावे :

१) डब्याला चार सॉकेट व वाय-फाय असेल, तर तो बहुधा स्वतःच राऊटर असतो. दुसरा घेऊ नये.

२) एकच सॉकेट असून वाय-फाय नसेल, तर आधी राऊटर घ्यावा.

३) राऊटर आहे पण सॉकेट अपुरे पडतात, तरच स्विच घ्यावा व तो राऊटरच्या मागे जोडावा. चार सॉकेटच्या राऊटरला पाचचा स्विच जोडल्यास सात यंत्रे बसतात. दोन सॉकेट आपसांतल्या तारेत जातात.

४) स्विचने इंटरनेटचा वेग वाढत नाही, साध्या स्विचमधून वाय-फायही मिळत नाही. लाइन १०० एमबीपीएसहून वेगवान असेल, तर राऊटर व स्विच दोन्ही गिगाबिटचे घ्यावेत.

५) गोदामापर्यंत तांब्याची तार एका दमात १०० मीटरपेक्षा लांब नेऊ नये.

६) राऊटरचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. आपला हिशेब त्याच दारातून ये-जा करतो.

आम्ही दुसऱ्याच दिवशी राऊटर आणला. तो स्विचही वाया गेला नाही. आज त्यावर प्रिंटर आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर चालतो. गिऱ्हाईक कापडाचा भाव विचारते, तेव्हा आपण आधी विचारतो, "शर्टाला हवे की अस्तराला?" तोच सवाल त्या दिवशी आम्ही स्वतःला विचारला असता, तर गाडी वेळेवर सुटली असती.