मागासलेपण मोजायचे कसे?



हिंगोलीहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर कनेरगाव नाका हे गाव लागते. जवळूनच पैनगंगा वाहते. गाव मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात. पण थोडे पुढे गेले की वाशीम जिल्हा, म्हणजे विदर्भ सुरू होतो. गावाच्या नावातील 'नाका' हा शब्द जुन्या सरहद्दीची आठवण करून देतो. स्वातंत्र्यापूर्वी अलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान होते आणि पलीकडे इंग्रजी अंमलातील वऱ्हाड. १ नोव्हेंबर १९५६ रोजी दोन्ही भाग मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. सरहद्द गेली, नाव राहिले.

आता अशी कल्पना करा, की या नाक्यावरील एका हॉटेलात चहा पिताना दोन शेतकऱ्यांचा वाद चालला आहे. एक म्हणतो, "आमचा मराठवाडा मागे राहिला." दुसरा म्हणतो, "आमचे वऱ्हाड त्याहून मागे." दोघेही आपापल्या गावची उदाहरणे देतात. या वादाचा निकाल कसा लावायचा? आवाज कोणाचा मोठा हे पाहून तो लागणार नाही. त्यासाठी मोजणी हवी. आणि मोजणी म्हटली की मोजपट्टी आलीच. लांबी मोजायला मीटर आहे, वजनाला किलोग्रॅम आहे. मागासलेपण मोजायला कोणते एकक वापरावे?

हा प्रश्न काल्पनिक नाही. महाराष्ट्र शासनापुढे तो खरोखरच उभा राहिला आणि त्याचे उत्तर शोधण्याचे काम अभ्यासकांकडे सोपवण्यात आले. ती हकीगत आज पाहू या.

अभ्यासकांवर सोपवलेले काम

जुलै १९८३ मध्ये शासनाने प्रादेशिक असमतोलाबाबत सत्यशोधन समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते प्रा. वि. म. दांडेकर. पुण्यातील गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ते अनेक वर्षे संचालक होते. १९३० साली स्थापन झालेल्या या संस्थेचे पहिले संचालक प्रा. धनंजयराव गाडगीळ. गावोगाव जाऊन पाहणी करायची, आकडे गोळा करायचे आणि मगच मत द्यायचे, ही शिस्त त्यांनी तेथे घालून दिली.

दांडेकरांना अशा मोजणीचा अनुभव होता. 'भारतातील दारिद्र्य' या विषयावरील त्यांचा व प्रा. नीलकंठ रथ यांचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला. माणसाला दिवसाला २,२५० कॅलरी मिळतील इतका आहार घेण्यास किती खर्च येतो, हे त्यांनी पाहिले व तेवढाही खर्च न करू शकणारे लोक किती, हे मोजले. १९६०-६१ च्या आकड्यांनुसार ग्रामीण भागात असे लोक सुमारे ४० टक्के व शहरांत सुमारे ५० टक्के होते. 'गरिबी फार आहे' असे सर्वच म्हणत होते. या अभ्यासाने 'फार' या शब्दाच्या जागी आकडा ठेवला.

मोजपट्टी अशी तयार झाली

समितीने एप्रिल १९८४ मध्ये अहवाल दिला. तिची पद्धत थोडक्यात अशी होती : रस्ते, पाटबंधारे, गावांचे विद्युतीकरण, सर्वसाधारण शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, भूविकास व मृदसंधारण आणि पशुवैद्यकीय सेवा या नऊ क्षेत्रांचा विचार करायचा. प्रत्येक क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची. जो जिल्हा सरासरीच्या खाली असेल, तो किती खाली आहे हे पाहायचे. ती तूट भरून काढण्यास जो खर्च येईल तो त्या जिल्ह्याचा 'अनुशेष', म्हणजे देणे असलेली बाकी.

एक सोपे उदाहरण घेऊ. यातील आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. एका राज्यात क, ख व ग असे तीनच जिल्हे आहेत. प्रत्येकात लागवडीची जमीन ५ लाख हेक्टर. ओलिताखालील जमीन क मध्ये ४० टक्के, ख मध्ये २० टक्के आणि ग मध्ये १२ टक्के. राज्याची सरासरी झाली २४ टक्के. ख जिल्हा ४ टक्क्यांनी मागे, म्हणजे २०,००० हेक्टर. ग जिल्हा १२ टक्क्यांनी मागे, म्हणजे ६०,००० हेक्टर. एकूण तूट ८०,००० हेक्टर. एक हेक्टर ओलिताखाली आणण्यास २०,००० रुपये लागत असतील, तर अनुशेष १६० कोटी रुपये.

हेक्टर सगळे सारखे नसतात

येथे तुमच्यापैकी चौकस विद्यार्थी विचारील : एका शेतात ऊस आहे, दुसऱ्यात रब्बी ज्वारी. दोन्ही ओलिताखाली. पण ऊस जवळजवळ वर्षभर शेतात उभा असतो आणि कितीतरी अधिक पाणी पितो. मग उसाचा एक हेक्टर व ज्वारीचा एक हेक्टर सारखे कसे मानावे?

शंका अगदी रास्त आहे. वेगवेगळ्या वस्तूंची बेरीज करण्यापूर्वी त्या एकाच एककात आणाव्या लागतात. रुपये आणि पैसे यांची बेरीज आपण तशीच करतो. म्हणून ओलिताचे सर्व क्षेत्र 'रब्बी समतुल्य' हेक्टरांत बदलून घेण्यात आले. म्हणजे उसाला लागणाऱ्या पाण्यात रब्बीचे जितके हेक्टर भिजले असते, तितके त्या जिल्ह्याच्या नावावर मांडायचे. या एककात १९८२ सालची राज्याची सरासरी २२.५५ टक्के भरली. एकक बदलले की जिल्ह्यांचा क्रमही बदलू शकतो, हे ध्यानात ठेवा.

अहवालापासून अंदाजपत्रकापर्यंत

समितीने काढलेला एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये होता. त्यात विदर्भाचा वाटा १,२४७ कोटी, मराठवाड्याचा ७५१ कोटी आणि उर्वरित महाराष्ट्राचा १,१८९ कोटी. शेवटचा आकडा पुन्हा वाचा. पुढारलेला समजल्या जाणाऱ्या भागातही मागे पडलेले जिल्हे होते. चहाच्या टेबलावरच्या वादात ते कोणाच्या लक्षातही आले नसते.

शासनाने हा अहवाल औपचारिकरीत्या स्वीकारला नाही. तरीही पुढे अनुशेषासाठी पैसे राखून ठेवताना याच आकड्यांचा आधार घेतला गेला. संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) प्रमाणे १९९४ साली विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांसाठी तीन विकास मंडळे स्थापन झाली आणि निधीचे न्याय्य वाटप करण्याची विशेष जबाबदारी राज्यपालांवर आली. २००१ पासून राज्यपालांनी निधिवाटपाचे निर्देश देण्यास सुरुवात केली. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

एका अभ्यासातील कोष्टक अशा रीतीने अंदाजपत्रकात जाऊन पोहोचले. संशोधन व राज्यकारभार यांना जोडणारा रस्ता सरळ नसतो. अभ्यासक मोजतो, निर्णय मात्र लोकांनी निवडून दिलेले सरकार घेते. पण एकदा आकडा छापला गेला, की तो विधानसभेत विचारता येतो, वर्तमानपत्रात छापता येतो आणि शाळेत तपासताही येतो.

मग अनुशेष वाढला कसा?

पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४ सालची स्थिती धरून पुन्हा हिशेब केला. आता अनुशेष निघाला सुमारे १४,००७ कोटी रुपये! विदर्भ ६,६२४ कोटी, मराठवाडा ४,००५ कोटी, उर्वरित महाराष्ट्र ३,३७८ कोटी. दहा वर्षांत काहीच काम झाले नाही, असा याचा अर्थ होतो का?

आपल्या उदाहरणाकडे परत जाऊ. दहा वर्षांनी क जिल्हा ५५ टक्क्यांवर गेला, ख २६ वर आणि ग १८ वर. तिघांचीही प्रगती झाली. पण नवी सरासरी झाली ३३ टक्के. आता ख ७ टक्क्यांनी मागे, म्हणजे ३५,००० हेक्टर. ग १५ टक्क्यांनी मागे, म्हणजे ७५,००० हेक्टर. तूट १,१०,००० हेक्टर झाली. दरम्यान महागाईने हेक्टरी खर्च ४०,००० रुपये झाला असेल, तर अनुशेष १६० कोटींवरून ४४० कोटींवर जातो.

हाच हिशेब जुन्या, २४ टक्क्यांच्या सरासरीने केला तर? ख चा अनुशेष संपलेला दिसेल आणि ग चा केवळ ३०,००० हेक्टर उरेल. आकडे तेच, पट्टी वेगळी. एक म्हणते 'बाकी फिटत आली', दुसरी म्हणते 'अंतर वाढले'. दोन्ही विधाने खरी आहेत. पहिले विधान 'आपण पुढे गेलो का?' या प्रश्नाचे उत्तर आहे, दुसरे 'आपण इतरांच्या बरोबरीला आलो का?' या प्रश्नाचे. महाराष्ट्रातही पट्टी अशीच सरकली होती : ओलिताची सरासरी १९८२ च्या २२.५५ टक्क्यांवरून १९९४ मध्ये ३५.११ टक्क्यांवर गेली. म्हणून कोणी अनुशेषाचा आकडा सांगितला, तर प्रथम विचारावे : कोणत्या वर्षाची सरासरी? कोणत्या वर्षाच्या किमती?

नकाशावरची रेघ

आणखी एक प्रश्न उरतो. मोजायचे कशाला? प्रदेशाला, जिल्ह्याला, तालुक्याला की गावाला?

समजा, वरच्या ग जिल्ह्यात ओलिताचे प्रमाण १८ टक्के आहे. पण त्याच्या उत्तरेच्या निम्म्या भागात ते ६ टक्के व दक्षिणेच्या निम्म्या भागात ३० टक्के आहे. २४ टक्क्यांची पट्टी लावली, तर अखंड जिल्ह्याचा अनुशेष ३०,००० हेक्टर. आता जिल्ह्याचे विभाजन झाले. दक्षिण जिल्हा सरासरीच्या वर असल्याने त्याचा अनुशेष शून्य. उत्तर जिल्हा १८ टक्क्यांनी मागे. अडीच लाख हेक्टरांवर ती तूट होते ४५,००० हेक्टर. एकही विहीर बुजली नाही की एकही कालवा आटला नाही. नकाशावर फक्त एक रेघ ओढली आणि अनुशेष दीडपट झाला!

कनेरगाव नाक्याने अशा रेघा पाहिल्या आहेत. दांडेकर समितीच्या वेळी हे गाव परभणी जिल्ह्याच्या सरासरीत मोजले गेले, कारण हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. पलीकडचा वाशीम भाग तेव्हा अकोला जिल्ह्यात होता. त्याचा वेगळा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. मोठ्या जिल्ह्याच्या सरासरीत एका टोकाची गावे झाकली जातात. पैनगंगेवरील ईसापूर धरणाचेच पाहा. ते नाक्यापासून खाली, प्रवाहाच्या दिशेला आहे. कालव्याचे पाणी उताराने जाते. धरणाच्या वरच्या अंगाच्या शेतांना ते कालव्याने मिळत नाही. जिल्ह्याच्या कोष्टकात मात्र ओलीत वाढलेले दिसते.

ही अडचण अभ्यासकांनाही जाणवली. २०११ साली नेमलेल्या डॉ. विजय केळकर समितीने आपल्या २०१३ च्या अहवालात मोजणीसाठी तालुका हे एकक धरण्याचा विचार मांडला. जिल्ह्याऐवजी तालुका धरला, की झाकलेले बरेच काही उघडे पडते. पण तालुक्यातही सर्व गावे सारखी नसतात.

शिवाय, काय मोजले याला जितके महत्त्व, तितकेच त्याच्या व्याख्येला. १९९७ पर्यंत गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली जात असेल, तरी ते गाव 'विद्युतीकरण झालेले' मानले जाई. म्हणजे शिवारातील एका पंपाला वीज मिळाली, की घराघरांत कंदील असले तरी गाव कागदावर उजळले! पुढे २००४ मध्ये निदान १० टक्के घरांत वीज हवी, अशी अट आली. व्याख्या बदलताच पूर्वी मोजलेली काही गावे यादीतून गळणे ओघानेच आले.

करून पाहा

आपल्या गावात किंवा वस्तीत चारपाच जणांचा गट करून पुढील नोंदी घ्या. शिक्षकांनी वह्या तपासाव्या व आकड्यांची फेरमोजणी करवून घ्यावी.

१. गावातील हातपंप किती? मे महिन्यात त्यांपैकी चालू किती?

२. कोणत्याही वीस शेतांपैकी रब्बीत पाणी मिळणारी किती? तेथे कोणती पिके घेतली जातात?

३. प्रत्येक घरापासून आरोग्य उपकेंद्र किती अंतरावर आहे? तुम्ही गेलात त्या दिवशी ते उघडे होते का?

आता प्रत्येक नोंदीची दोनदा मांडणी करा : एकदा सर्व गावाची सरासरी काढून आणि एकदा वस्तीवार. सरासरीत न दिसणारी कोणती वस्ती दुसऱ्या मांडणीत दिसू लागते, ते लिहा. सीमेवरच्या शाळांनी पलीकडच्या जिल्ह्यातील शाळेला पत्र लिहून त्यांच्याही नोंदी मागवाव्या. मात्र दोघांनी एकच व्याख्या वापरावी. हातपंप 'चालू' कशाला म्हणायचे, हे आधी ठरवून घ्या. नाहीतर नाक्यावरचा वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल.

तयार झालेले कोष्टक वहीत ठेवू नका. ग्रामसभेच्या दिवशी शिक्षकांसह जाऊन ते वाचून दाखवा. कोणी विचारले, "हा आकडा कुठून आणला?", तर मोजणीची तारीख, पद्धत आणि व्याख्या सांगता आली पाहिजे. दांडेकर समितीलाही लोकांनी हेच प्रश्न विचारले होते.