काम सुटले तरी गोळी सोडू नका

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि पुणे, मुंबई, हैदराबादेत कामाला गेलेली लोहा तालुक्यातील माणसे गाठोडी घेऊन घरी परतली. तेव्हा वस्तीत आम्ही एकच तक्रार ऐकत होतो: झोप येत नाही, छाती धडधडते, पोटात आग पडते. ठेकेदाराने कामावरून कमी केले की आजही हेच कानावर येते. मग बांधव सलाईन लावून घेतात. दोन दिवस बरे वाटते, खिसा रिकामा होतो, काळजी तिथेच राहते.

काळजी शरीरातच काम करते. अंगावर बैल धावून आला की नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, अंग आखडते. थकलेल्या हप्त्याच्या भीतीनेही तेच होते. फरक इतकाच की बैल निघून जातो, ही भीती रात्रभर उशाशी बसते. दारूने डोळा लागतो, पण मध्यरात्री झोप मोडते; तंबाखूने नाडी आणखी पळते.

काम टिकले तेही सुटत नाहीत. दहा जणांचे काम सहा जणांवर येते. बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४६ मध्ये, कारखान्यातील कामाचा आठवडा ४८ तासांचा झाला. त्यावरील कामाला दुप्पट मजुरी हा हक्क आहे. आपल्या हजेरीचे तास वहीत लिहून ठेवा.

सर्वांत घातक चूक मात्र घरात होते. पैसे तुटले की पहिली काटछाट बीपी-शुगरच्या गोळीवर, आणि बहुधा आईच्याच. "दुखत नाही, मग कशाला?" रक्तदाब दुखत नाहीच, तो एके दिवशी लकवा होऊन येतो. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि या गोळ्या मोफत मिळतात. ऊसतोडीला निघताना पुरेशा गोळ्या मागून घ्या, चिठ्ठी सोबत ठेवा. छातीत दुखून घाम फुटला तर तो ताण समजून घरी थांबू नका, ताबडतोब दवाखाना गाठा.

दोन आठवडे झोप नाही, माणूस बोलेनासा झाला, "माझा काय उपयोग" म्हणू लागला, तर त्याला एकटे सोडू नका. फवारणीचे औषध कुलपात ठेवा. १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर चोवीस तास मोफत, मराठीत बोलता येते. नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचाराचे डॉक्टर आहेत. पहिल्या खेपेला घरचे कोणीतरी सोबत जावे. एकटा माणूस पुष्कळदा दारातूनच परततो.