एका शरीराचे अवयव, एका पाण्याचे शेजारी



'आपण सारे एकमेकांशी जोडलेले आहोत' हे वाक्य हल्ली वारंवार कानांवर पडते. प्रवचनात, शिबिरात, मोबाईलवर येणाऱ्या सकाळच्या शुभेच्छांतही ते असते. वाक्य खरे आहे आणि ऐकायला गोडही आहे. पण जोडलेले असणे ही केवळ सुखाची गोष्ट आहे का? या रविवारी आपण यावर थोडे चिंतन करू या.

सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी आम्ही वसईतील एका धर्मग्रामात सेवेत होतो. तेथील एका कुटुंबाने नवे घर बांधले आणि घराला आशीर्वाद देण्यासाठी आम्हाला बोलावले. आम्ही प्रार्थना केली, खोल्याखोल्यांतून पवित्र पाणी शिंपडले आणि शेवटी प्रशस्त अंगणातही शिंपडले. ते अंगण म्हणजे भराव घालून बुजवलेले बावखल होते. कडेला मातीचे ढीग अजून पडलेले होते. आम्हाला ते दिसले, पण आम्ही काही विचारले नाही. आनंदाचा दिवस होता, जेवणही उत्तम झाले.

त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, आजारी भाविकांना पवित्र कम्युनियन देण्यासाठी फिरताना, आम्ही त्याच घराच्या शेजारी राहणाऱ्या एका आजींकडे गेलो. कम्युनियननंतर चहा घेतल्याशिवाय त्या कधी सोडत नसत. त्या दिवशी म्हणाल्या, "फादर, आज चहा नाही देत. विहीर मचूळ झाली. चहाला चवच राहत नाही."

विहिरींची एकच बिरादरी

ज्यांनी बावखल पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. वसईच्या किनारपट्टीवर आपल्या पूर्वजांनी वाड्यांमध्ये मोठमोठी तळी खणली. तीच बावखले. पावसाचे पाणी त्यांत साठते. त्यातले काही शिंपण्यासाठी कामी येते, काही जमिनीत मुरते. समुद्राजवळच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे त्याच्यावर थर करून राहते. मुरणारे पाणी कमी झाले आणि पंपाने उपसा वाढला की गोड्या पाण्याचा थर पातळ होतो आणि खारे पाणी त्याची जागा घेऊ लागते.

आजींची विहीर केवळ त्या एका बावखलामुळे मचूळ झाली, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. आसपास बोअरवेल वाढल्या होत्या, आणखीही बावखले बुजली होती. प्रत्येकाने आपापल्या हद्दीत, आपल्याच पैशाने, आपल्याला हवे ते केले होते. कोणी कोणाचे वाईट चिंतले नव्हते. पण सातबारा जमिनीचा असतो. जमिनीखालच्या पाण्याला हद्द ठाऊक नसते. हेच जाणून 1980 च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून वसईच्या पाण्यासाठी आणि हिरवाईसाठी लोकांना जागे केले. दिब्रिटो 2024 मध्ये प्रभूघरी गेले. त्यांनी मांडलेला प्रश्न मात्र आपल्यापुढे उभाच आहे.

संत पौलाने हे कोणाला सांगितले?

आपण एका शरीराचे अवयव आहोत, ही शिकवण आपल्याला संत पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातून, त्याच्या 12 व्या अध्यायातून मिळते. हा उतारा आपण सणासमारंभाला वाचतो. पण तो कोणत्या प्रसंगी लिहिला गेला, हे बहुधा विसरतो.

करिंथ हे दोन बंदरांचे श्रीमंत व्यापारी शहर होते. रोमनांनी ते इसवी सनापूर्वी 146 मध्ये उद्ध्वस्त केले आणि इसवी सनापूर्वी 44 मध्ये ज्युलियस सीझरच्या आज्ञेने ते पुन्हा वसवले गेले. व्यापारी, कारागीर, गुलाम, गुलामीतून मुक्त झालेले लोक असे सर्व थर तेथे होते आणि तेच सर्व थर तेथील ख्रिस्तसभेतही होते. पौल दीड वर्ष त्यांच्यात राहिला. पुढे इसवी सन 55 च्या सुमारास तो एफेससला असताना त्याला करिंथच्या भांडणांच्या बातम्या कळल्या. त्यांतली एक बातमी फार दुःखद होती. प्रभुभोजनासाठी सारे एकत्र जमत, पण ज्यांच्याकडे होते ते आधीच खाऊनपिऊन घेत आणि ज्यांच्याकडे काही नव्हते ते उपाशी राहत. 11 व्या अध्यायात पौल त्यांना कडक शब्दांत फटकारतो आणि लगेच पुढच्या अध्यायात शरीराची उपमा देतो. म्हणजे ही उपमा ऐक्याच्या कौतुकासाठी दिलेली नाही. शेजारी बसलेला उपाशी आहे हे न दिसणाऱ्या लोकांना ती दिलेली आहे.

शरीराची उपमा त्या काळी नवी नव्हती. रोमन इतिहासकार लिव्ही एक कथा सांगतो. इसवी सनापूर्वी 494 मध्ये सामान्य जनता वरिष्ठ वर्गावर रुसून शहर सोडून गेली, तेव्हा मेनेनियस अग्रिप्पा नावाच्या सरदाराने त्यांना पोटाची आणि अवयवांची गोष्ट सांगितली. हातांनी आणि तोंडाने पोटाविरुद्ध संप केला, तर शेवटी तेच अशक्त झाले. तात्पर्य असे, की खालच्यांनी मुकाट्याने आपल्या कामावर परतावे. पौल तीच उपमा घेतो, पण तिची दिशा बदलतो. जो अवयव दुबळा वाटतो तोच अत्यंत गरजेचा आहे, त्याला अधिक मान द्यावा, असे तो सांगतो. एका अवयवाला दुखले तर सर्वांना दुखते, हा त्याच्या शिकवणीचा गाभा आहे. ज्या शरीराला आपल्या बोटाची जखम जाणवत नाही, ते शरीर आजारी आहे.

एक होणे म्हणजे विरून जाणे नव्हे

येथे एक फरक लक्षात घ्यावा. सर्व काही एकच आहे आणि वेगळेपण हा केवळ भास आहे, असे काही तत्त्वज्ञ मानतात. ख्रिस्ती विचार तसे म्हणत नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही संत थॉमस अक्वायनसचा याविषयीचा विचार वाचला होता. तो सांगतो, की परमेश्वराचा चांगुलपणा कोणत्याही एका निर्मितीत मावणारा नाही. म्हणून त्याने अनेक आणि भिन्न गोष्टी निर्माण केल्या, जेणेकरून एकीत जे उणे आहे ते दुसरीने भरून काढावे. हात हातच राहतो, डोळा डोळाच राहतो. शेजारी म्हणजे मी नव्हे, म्हणूनच त्याच्यावर प्रेम करता येते आणि म्हणूनच त्याच्यावर अन्यायही होऊ शकतो.

पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली 'लाउदातो सी' या विश्वपत्रात हाच धागा पुढे नेला. पृथ्वीचे दुखणे आणि गरिबाचे दुखणे अशी दोन वेगळी संकटे नाहीत, ते एकच आहे, असे त्यांनी शिकवले. मचूळ विहिरीचा पहिला घोट कोण घेतो? ज्याला बाटलीचे पाणी विकत घेणे परवडत नाही, तो.

वेदीवरचे पाणी

दर रविवारी मिस्साबलीत आपण जी भाकर अर्पण करतो, ती जमिनीने दिलेली आणि माणसाच्या श्रमांतून आलेली आहे, असे आपण प्रार्थनेत म्हणतो. धर्मगुरू द्राक्षरसात पाण्याचा एक थेंब मिसळतो. मिस्साच्या आरंभी आपण आपले पाप परमेश्वरापुढे कबूल करतो आणि बंधुभगिनींपुढेही. का बरे? कारण आपले कोणतेही पाप केवळ आपले राहत नाही. आपण जे केले, आणि जे करायचे टाळले, ते दुसऱ्या कोणाच्या तरी अंगणात पोहोचते.

त्या दिवशी आम्ही आजींना सारे सांगितले आणि त्यांची क्षमा मागितली. त्या नवलाने म्हणाल्या, "फादर, तुम्ही काय केलंत? तुम्ही तर फक्त पाणी शिंपडलंत." त्यांनी ते मायेने म्हटले. आम्हाला मात्र ते अजून आठवते. आता कोणी घराच्या आशीर्वादासाठी बोलावले, की आम्ही आधी एक प्रश्न विचारतो: शेजारी कोण राहते, आणि त्यांचे कसे चालले आहे?

या आठवड्यात कुटुंबात एकत्र बसून पुढील प्रश्नांवर बोलावे:

1. आमच्या घरातील कोणत्या सोयीची किंमत दुसरे कोणी मोजत आहे? त्याचे नाव आम्हाला माहीत आहे का?

2. आमच्या वाडीत, आळीत किंवा सोसायटीत सर्वांत दुबळा 'अवयव' कोण? त्याला आम्ही शेवटचे केव्हा भेटलो?

3. पावसाचे पाणी मुरवणे, उपसा कमी करणे, उरलेले बावखल जपणे, यांपैकी एक गोष्ट आम्ही येत्या पावसाळ्यापूर्वी करू शकतो का?

प्रार्थना : हे प्रभो, तू आम्हाला एकमेकांच्या हाती सोपवले आहेस. जे दुखणे आम्ही पाहिले नाही ते आम्हाला दाखव, आणि पाहूनही जेथे आम्ही गप्प राहिलो तेथे बोलण्याचे धैर्य दे. आमेन.

तुमचे धर्मगुरू